जीआय पाइपचा ताप

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझ्या काकांचं फॅब्रिकेशनचं छोटं दुकान आहे. गेट, ग्रिल, जिन्याचे कठडे, पत्र्याची शेड असली कामं. लहानपणी सुट्टीत मी तिथेच पडीक असायचो. तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात बसली आहे. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी, पाइपच्या वेल्डिंगचं मोठं काम आलं, की काका रात्री गोधडी ओढून पडायचे. "थंडी वाजाय लागलीया बघ," म्हणायचे. अंगात कणकण, ताप, कोरडा खोकला आणि तोंडाला तांब्या-पितळेसारखी चव. काकू दूध द्यायची, गूळ द्यायची. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माणूस टुणटुणीत. हा ताप बहुतेक वेळा सुट्टीनंतर पहिल्यांदा काम केल्याच्या रात्रीच यायचा. सलग चार दिवस जीआयचं काम चाललं, तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी काही व्हायचं नाही.

पुढे एम.एस्सी. करताना पेशी वाढवण्याच्या प्रयोगशाळेत काम केलं, तेव्हा या तापाचं कोडं सुटलं. वैद्यकशास्त्रात हा आजार शंभराहून अधिक वर्षं नोंदलेला आहे. धातूच्या धुराचा ताप, असं त्याचं साधं नाव. पाश्चात्त्य देशांत रविवारी सुट्टी, म्हणून तिकडचे कामगार त्याला 'सोमवारचा ताप' म्हणायचे. तो जंतूंमुळे येत नाही. जस्ताचे अतिशय बारीक कण फुप्फुसाच्या अस्तरावर बसतात, तिथल्या पेशी दाहाचे रासायनिक निरोप रक्तात सोडतात आणि शरीर ताप काढतं. रोजच्या माऱ्याने पेशी दोन-तीन दिवसांत तात्पुरत्या सरावतात. सुट्टी पडली की तो सराव मोडतो.

जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळतं आणि पोलाद वितळायला साधारण दीड हजार अंश लागतात. म्हणजे रॉड टेकवून पोलादाचा जोड वितळेपर्यंत त्याच्यावरच्या जस्ताची वाफ होऊन गेलेली असते. ही वाफ ठिणगीपासून वितभर दूर गेली की थंड होते, हवेतला ऑक्सिजन पकडते आणि तिचे कण बनतात. हिवाळ्यात तोंडातून निघालेल्या वाफेचं धुकं होतं, तसंच हे, फक्त पाण्याच्या जागी धातू. हे सुटे कण साधारण ५ ते ५० नॅनोमीटरचे असतात आणि बनल्या बनल्या एकमेकांना चिकटून त्यांच्या माळा होतात. आपल्याला जो पांढरट धूर दिसतो, तो या माळांचा. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. डोक्याचा केस ८०,००० नॅनोमीटर जाड धरला, तर ४० नॅनोमीटरचे २,००० कण त्याच्या रुंदीत शेजारी शेजारी मावतील.

"धूळ तर रोजच खातो, त्यात काय," असं दुकानात सगळेच म्हणतात. पण धूळ आणि हे कण यांत मोठा फरक आहे. धुळीचा मोठा कण नाकातल्या केसांत किंवा घशाच्या वळणावर आपटून अडकतो. त्याहून बारीक कण श्वासनलिकांच्या भिंतीवरच्या चिकट शेंबडात रुततो. त्या भिंतीवरच्या पेशींना सूक्ष्म केसांसारखे तंतू असतात. ते सेकंदाला दहा-वीस वेळा हलतात आणि तो शेंबड वर घशाकडे ढकलत राहतात. सकाळी खाकरून जो काळा बेडका पडतो, तो या सरकत्या पट्ट्यावरून वर आलेला कालचा माल. वेल्डर, गवंडी, पिठाच्या गिरणीवाले या सगळ्यांना तो ओळखीचा आहे.

पण हा पट्टा फुप्फुसाच्या टोकापर्यंत जात नाही. श्वासनलिका फुटत फुटत शेवटी वायुकोशांत संपतात. दोन्ही फुप्फुसांत मिळून असे वायुकोश ३० ते ५० कोटी. ते सगळे उलगडून पसरले, तर ७० ते १०० चौरस मीटर जागा व्यापतील. म्हणजे जवळपास एक गुंठा. या गुंठाभर जागेवर पेशींचा एकच थर आहे, फरशी घातल्यासारखा. त्यातली सुमारे ९५ टक्के जागा 'पहिल्या प्रकारच्या' पेशींनी झाकलेली असते. या पेशी इतक्या पसरट असतात, की जाडी मायक्रॉनच्या, म्हणजे हजार नॅनोमीटरच्या, एखाद-दोन दशांशाएवढीच भरते. त्यांच्या पलीकडे लगेच रक्तवाहिनी. ऑक्सिजन सहज पलीकडे जावा म्हणून निसर्गाने भिंत इतकी पातळ ठेवली आहे. उरलेल्या जागेत, सांध्या-कोपऱ्यांत, 'दुसऱ्या प्रकारच्या' पेशी असतात. त्या सरफॅक्टंट नावाचा साबणासारखा पदार्थ स्रवतात. तो नसेल तर वायुकोश ओल्या प्लास्टिकच्या पिशवीसारखे आतून चिकटतील. शिवाय एखादी फरशी फुटली, तर याच पेशी विभागतात आणि नवी फरशी घालतात. या दुसऱ्या पेशींबद्दल मला फार आदर आहे. कारागीरही त्याच, राखणदारही त्याच.

नॅनोकण थेट इथपर्यंत पोचतात. २० नॅनोमीटरच्या आसपासचे कण श्वासातून आत गेले, तर त्यांतले जवळपास निम्मे वायुकोशांत बसतात. इतका हलका कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडावाकडा भरकटतो आणि भरकटत भरकटत भिंतीला लागतो. तिथे सफाईसाठी मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी फिरत असतात. मोठ्या कणांना त्या चटकन गिळतात. नॅनोकण मात्र त्यांच्या हाती नीट लागत नाहीत. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात गुंटर ओबरडॉर्स्टर यांनी उंदरांवर बरीच वर्षं हे काम केलं. २४ तासांनी पाहिलं, तर मोठ्या कणांपैकी सुमारे ८० टक्के भक्षक पेशींत सापडले. नॅनोकणांपैकी जेमतेम २० टक्के. बाकीचे फरशीच्या पेशींत शिरलेले किंवा त्यांच्या पलीकडे गेलेले.

आत शिरल्यावर काय होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आमच्याकडे ए५४९ नावाच्या पेशी होत्या. १९७२ साली एका ५८ वर्षांच्या पुरुषाच्या फुप्फुसातल्या गाठीपासून त्या वेगळ्या केल्या गेल्या आणि तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवल्या जात आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली त्या एकमेकींना खेटून बसलेल्या दिसतात, कोपरा कोपऱ्याला लावून. एका संध्याकाळी मी प्लेटच्या काही खळग्यांत जस्ताच्या ऑक्साइडचे नॅनोकण घातले. गुलाबी द्रावणात किंचित दुधी झाक आली, एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी प्लेट काढून पाहिली, तर कण न घातलेल्या खळग्यांत फरशी जशीच्या तशी होती. जास्त मात्रेच्या खळग्यात पेशींनी अंग आकसून घेतलं होतं. वाटाण्यासारख्या गोल होऊन त्या तळ सोडून तरंगत होत्या. मधल्या मात्रेच्या खळग्यात अजून जिवंत होत्या, पण एकमेकींना धरलेले हात सुटले होते, फरशीत भेगा पडल्या होत्या. मला त्या क्षणी काकांची गोधडी आठवली.

गंमत नव्हे, पण विचार करण्यासारखी गोष्ट ही, की जस्त शरीराला परकं नाही. पेशीत शेकडो प्रथिनं जस्ताच्या आधारावर उभी असतात. सुटं जस्त भसाभस आत जाऊ नये म्हणून पेशीच्या आवरणावर मोजकी दारं आहेत आणि तिथे कडक पहारा आहे. नॅनोकण त्या दारांनी येतच नाही. पेशी स्वतःच तो कण आवरणात गुंडाळून आत घेते. शाहिस्तेखान पुण्यात तळ देऊन बसला होता, तेव्हा १६६३ मध्ये महाराजांची माणसं लग्नाच्या वऱ्हाडात मिसळून शहरात शिरली, असं सांगतात. पहारेकऱ्यांनी वरात पाहिली, आतली माणसं पाहिली नाहीत. कणाचंही तसंच. पेशीला दिसतो एक निरुपद्रवी खडा. ती त्याला लयकारिकेत, म्हणजे आपल्या कचरा जिरवण्याच्या पिशवीत, नेऊन टाकते. त्या पिशवीत आम्ल असतं. जस्ताचं ऑक्साइड आम्लात विरघळतं आणि सुटं जस्त एकदम मोकळं होतं, तेही पहाऱ्याच्या आतल्या बाजूला. पिशवी फुटते. तंतुकणिका, म्हणजे पेशीची ऊर्जा बनवणारी केंद्रं, बिघडतात.

बिघडलेल्या तंतुकणिकेतून ऑक्सिजनचे उपद्रवी अवतार सुटतात, आणि कणांचा पृष्ठभागही ते बनवतो. हे रेणू प्रथिनांना, आवरणाच्या चरबीला आणि डीएनएला इजा करतात. अमेरिकेतले शास्त्रज्ञ आंद्रे नेल यांनी याच्या तीन पायऱ्या मांडल्या, आणि मला ती मांडणी सगळ्यांत पटते. भार थोडा असला तर पेशी आपली कोठारं उघडते, ग्लुटाथायोनसारखे संरक्षक रेणू वाढवते आणि निभावून नेते. भार वाढला तर ती मदतीची हाक देते. या रासायनिक हाकेवर रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात, सूज येते, ताप येतो. काकांचा ताप म्हणजे ही दुसरी पायरी. त्याहून भार वाढला, की पेशी मरते. सुट्टी नसताना ताप का येत नाही, याचाही थोडा उलगडा इथे होतो. पहिल्या पायरीची कोठारं रोजच्या भाराने भरलेली राहतात. पण ताप येत नाही म्हणून काही होत नाही असं नव्हे, हे काकांना पटवायला मला दोन वर्षं लागली.

सगळे धातू सारखे नसतात. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेत हॅना कार्लसन आणि सहकाऱ्यांनी २००८ साली याच ए५४९ पेशींवर वेगवेगळ्या धातूंच्या ऑक्साइडचे कण तपासले. तांब्याचं ऑक्साइड सगळ्यांत जहाल ठरलं. पेशीही मेल्या आणि डीएनएही तुटला. लोखंडाच्या ऑक्साइडने जवळपास काहीच केलं नाही. चांदीचे कण हळूहळू झिजत चांदीचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले सुटे अणू, सोडतात आणि ते पेशीतल्या गंधकयुक्त रेणूंना जखडून टाकतात. ग्लुटाथायोनही त्यातच येतं, म्हणजे ढालच हिरावली जाते. टायटॅनियम डायऑक्साइड जवळजवळ विरघळतच नाही. त्याचा त्रास वेगळा, तो जात नाही.

आणि इथे वजनाचा मुद्दा येतो. मला वाटतं, या सगळ्या विषयात आपली सर्वांत मोठी चूक इथेच होते. आपण धूळ वजनात मोजतो. हवेत किती मिलिग्रॅम, यावर कायदा चालतो. पण पेशीला वजन जाणवत नाही, पृष्ठभाग जाणवतो. एक सेंटीमीटर लांबी-रुंदी-उंचीचा धातूचा ठोकळा घ्या. त्याच्या सहा बाजू मिळून ६ चौरस सेंटीमीटर. तोच ठोकळा १० नॅनोमीटरच्या ठोकळ्यांत कापला, तर वजन तेवढंच राहतं, पण सगळ्या तुकड्यांच्या बाजू मिळून ६०० चौरस मीटर होतात. म्हणजे जवळपास सहा गुंठे. आणि आपलं फुप्फुस पसरून होतं एक गुंठा.

ओबरडॉर्स्टर आणि सहकाऱ्यांनी उंदरांना १२ आठवडे टायटॅनियम डायऑक्साइड हुंगवलं. एका गटाला २० नॅनोमीटरचे कण, दुसऱ्याला २५० नॅनोमीटरचे. पदार्थ एकच, हवेतलं वजनही जवळपास सारखं. बारीक कणांनी फुप्फुसांना जास्त सूज आणली, आणि ते निम्मे बाहेर पडायला ५०१ दिवस लागले. जाड्या कणांना १७४. असल्या पुराव्यांवर कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या अमेरिकेच्या नायॉश या संस्थेने २०११ मध्ये कारखान्यातल्या हवेसाठी एकाच पदार्थाला दोन मर्यादा सुचवल्या. जाड्या टायटॅनियम डायऑक्साइडला घनमीटरमागे २.४ मिलिग्रॅम, अतिबारीकला ०.३. आठपट फरक, निव्वळ आकारामुळे. चांदीच्या नॅनोकणांसाठी २०२१ मध्ये सुचवलेली मर्यादा तर ०.९ मायक्रोग्रॅम आहे.

कण फुप्फुसातच राहतात का? नाही. एडिनबरोत निरोगी माणसांनी स्वेच्छेने सोन्याचे नॅनोकण श्वासातून घेतले. सोनं निवडलं, कारण ते विरघळत नाही, पेशींना फारसं बोचत नाही आणि शरीरात सहज शोधता येतं. ते २४ तासांच्या आत बहुतेकांच्या रक्तात सापडलं आणि तीन महिन्यांनंतरही लघवीत सापडत होतं. हे २०१७ साली प्रसिद्ध झालं. एक गुंठ्याची ती पातळ भिंत ऑक्सिजनसाठी उघडी आहे, आणि नॅनोकणांना तीच वाट मिळते.

प्लेटमधल्या पेशी मेल्या म्हणून माणूस मरेल, असं मात्र कोणी समजू नये. आम्ही खळग्यात जी मात्रा घालायचो, ती रोजच्या श्वासाच्या मानाने बरीच मोठी असायची. ए५४९ या कर्करोगाच्या पेशी आहेत. त्यांच्यावर शेंबड नाही, शेजारी रक्त नाही, मदतीला मॅक्रोफेज नाहीत. शिवाय द्रावणात कण प्रथिनांचा लेप घेतात, गोळा होतात, बुडतात. म्हणून आता बऱ्याच प्रयोगशाळांत पेशी जाळीवर वाढवतात, खालून द्रावण आणि वरून हवा, आणि कण त्या हवेतूनच सोडतात. ते फुप्फुसाच्या जास्त जवळचं आहे.

पण माणसांवरचे पुरावेही आहेत. वेल्डिंगच्या धुराला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये 'माणसाला कर्करोग करणारा' म्हणून पहिल्या गटात टाकलं. स्टेनलेस स्टीलच्या धुरात क्रोमियम आणि निकेल असतं, म्हणून ते काम साध्या लोखंडापेक्षा वाईट. निकेलचा एक प्रसंग २०१० साली वैद्यकीय नियतकालिकात आला. ३८ वर्षांचा धडधाकट कामगार यंत्राने निकेलचा फवारा मारत होता, पुरेशा संरक्षणाशिवाय. तेराव्या दिवशी तो गेला. त्याच्या फुप्फुसातल्या मॅक्रोफेजमध्ये २५ नॅनोमीटरहून लहान निकेलचे कण सापडले.

न्यूमोनियाची गोष्ट त्याहून कमी लोकांना माहीत आहे. वेल्डरना न्यूमोनिया इतरांपेक्षा जास्त होतो आणि जास्त गंभीर होतो, हे बऱ्याच वर्षांपासून दिसत होतं. २०१६ मध्ये लंडनच्या संशोधकांनी त्यामागचा एक धागा दाखवला. न्यूमोकॉकस जंतू श्वासनलिकेच्या पेशींवरच्या एका विशिष्ट प्रथिनाला धरून चिकटतो. धातूचा धूर लागला, की पेशी तेच प्रथिन पृष्ठभागावर जास्त संख्येने उभारतात. म्हणजे जंतूला धरायला जास्त खुंट्या मिळतात. ब्रिटनमध्ये वेल्डरना न्यूमोकॉकल लस घेण्याची शिफारस आहे. आपल्याकडेही ही लस मिळते. काकांनी ती घेतली.

दुकानाबाहेरही हे कण भेटतात. पारंपरिक फुलबाज्यात लोखंडाचा कीस, ॲल्युमिनियमची पूड आणि बेरियमचा क्षार असतो. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने २०१६ मध्ये फटाके एकेक लावून मोजलं, तेव्हा फुलबाज्याजवळच्या हवेत अडीच मायक्रॉनहून बारीक कण घनमीटरमागे १०,३९० मायक्रोग्रॅमपर्यंत चढले. आपल्याकडची दिवसभराच्या सरासरीची मर्यादा ६० आहे. क्षणिक कमाल आणि दिवसाची सरासरी यांची थेट तुलना करू नये, हे मान्य. पण फुलबाजा आपण लहान मुलाच्या हातात देतो, तोंडापासून हातभर अंतरावर. तो हात लांब धरायला लावणं आणि वाऱ्याची दिशा पाहणं एवढं तरी करता येतं. सनस्क्रीनमधलं जस्त किंवा टायटॅनियम क्रीम म्हणून लावलं, तर धडधाकट त्वचेतून ते आत जात नाही. त्याच पदार्थाचा स्प्रे मारला की प्रश्न फुप्फुसाचा होतो. युरोपातल्या तज्ज्ञ समितीचा सल्लाही हाच आहे: नॅनोरूपातलं जस्त आणि टायटॅनियम श्वासात जाईल अशा फवाऱ्यात नको.

मास्कबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. 'एन९५ची भोकं कणापेक्षा मोठी, मग नॅनोकण कसे अडणार?' मास्क चाळणीसारखा काम करतच नाही. नॅनोकण भरकटत जातो, धाग्याला लागतो आणि तिथेच चिकटतो. वायुकोशात तो ज्या कारणाने बसतो, त्याच कारणाने तो मास्कमध्ये अडकतो. खरी गळती कडेने होते. दाढी असेल किंवा नाकाची पट्टी दाबलेली नसेल, तर सगळा धूर फटीतून आत. तोंडाला बांधलेला रुमाल ठिणगी अडवतो, हा धूर नाही.

दूध-गुळाचं विचाराल, तर दुधाने फुप्फुस धुतलं जात नाही. ते पोटात जातं. गुळावर लखनौच्या औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्रात उंदरांवर प्रयोग झाले आणि १९९४ साली प्रसिद्ध झाले. त्यांत गूळ दिलेल्या उंदरांच्या फुप्फुसातून कोळशाचे आणि सिलिकाचे कण जास्त हलताना दिसले. ते जाडे कण होते, आणि उंदीर होते. काकू अजून गूळ देते, मी काही बोलत नाही. पण गूळ आहे म्हणून मास्क नको, असं काका म्हणाले की बोलतो.

सर्वांत मोठा फरक पंख्याने पडला. दुकानातला उभा पंखा वर्षानुवर्षं काकांच्या पाठीमागे असायचा, घाम येतो म्हणून. पाठीवर वारा लागला की शरीराच्या पुढे, छाती आणि तोंडासमोर, भोवरा होतो आणि धूर त्यात घुटमळतो. मी एकदा उदबत्ती लावून त्यांना ते दाखवलं. धुराची रेघ वर जायच्या ऐवजी मुरडून थेट त्यांच्या हनुवटीशी आली. काका बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग उठून स्वतःच पंखा उचलला आणि डाव्या हाताला लावला, हवा उजव्या दरवाजाने बाहेर जाईल असा. रॉडचं काम आहे म्हणून हे चालतं. मिग किंवा आरगॉन वेल्डिंगला जवळून वारा लागला, तर जोडावर सोडलेला संरक्षक गॅस उडून जातो आणि जोडात बारीक भोकं पडतात. तिथे धूर खेचून घेणारी नळीच लागते. जीआय असेल तर आता ते जोडाच्या दोन्ही बाजूंचा जस्ताचा थर आधी घासून काढतात, मास्क लावून, दुकानाच्या बाहेर. गेल्या दिवाळीनंतर दुकान उघडलं, त्या पहिल्याच दिवशी एका शाळेच्या जीआय कुंपणाचं काम होतं. रात्री मी फोन केला. काका जेवत होते.